डावा घोडा

आचारसंहिता लागली
की ठाण्यात जमा करायच्या आधी
बंदुका आमच्या घरी यायच्या.
पोत्यात, घोंगडीत,
एकदा तर तुरीच्या पेंढीत बांधून.
दुरुस्तीचा परवाना चुलत्याच्या नावावर,
हात दादांचे.

मधल्या खोलीत मांजरपाट अंथरायचं.
पंखा बंद.
उदगीरचा चैत्र, आणि पंखा बंद,
कारण कमानीची बारकी पिन एकदा उडाली
ती तिसऱ्या दिवशी रांजणामागं केरसुणीला लागली.
आई म्हणायची,
ह्या घरात केर टाकायच्या आधी
केराला विचारावं लागतंय.

आधी नळी उतरायची. मग दस्ता.
मग कुलपाची पाटी, आणि तिच्या पोटातलं
ते काळं, तेलकट, घड्याळासारखं गुपित.
सुटेल तो स्क्रू
सुटेल त्या क्रमानं मांडायचा,
उजवीकडून डावीकडं.
दादा निजामाच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेले,
खोलायचे उर्दूत.
जोडताना त्याच ओळीवरून उलटे यायचे
डावीकडून उजवीकडं, मराठीत.
मी कंदील धरायची.
बोलायचं नाही, शिंकायचं नाही,
आणि नळीत डोळा घालून पाहायचं नाही,
रिकामी असली तरी.
‘रिकामी’ ह्या शब्दावर
दादांचा काडीचा विश्वास नव्हता.

करडईचं तेल चालत नाही, थंडीत चिकटतं.
शिलाई मशीनचं, तेही कोंबडीच्या पिसानं.
दस्त्याला जवस,
तळवा गरम होईस्तोवर चोळायचं,
मग अक्रोडाच्या लाकडातली नक्षी
पाण्यातून वर आल्यासारखी दिसायची.

दोन बंदुका जोडीच्या होत्या.
एक काझींची, एक पटवाऱ्यांची.
हैदराबादच्या एकाच दुकानातून
एकाच दिवशी घेतलेल्या,
तेव्हा दोघं मिळून हरणामागं जायचे.
पुढं अठ्ठेचाळीस साल आलं.
कोणी कोणावर रोखली
हे दोन्ही घरांत वेगवेगळं सांगतात,
आणि दोन्ही घरं
एकमेकांच्या लग्नाला आहेर पाठवतात, माणूस नाही.

दादा गेले त्याला सहा वर्षं.
मी आता शिलाई मशीन दुरुस्त करते,
पिको-फॉलच्या बाया, शाळेचे गणवेश शिवणारे.
परवा काझींचा नातू आला, मुजीब.
आजोबांचा परवाना संपला,
बंदूक सरकारजमा करायची,
त्याआधी एकदा नीट करून द्या म्हणाला.
चुलत्यांना दिसत नाही आता.
ते खाटेवर बसून म्हणाले, खोल तू.

पंखा बंद केला.
नळीवर सोन्याचा दोन आकडा, जोडीतली दुसरी.
पाटीच्या आत दोन. चापावर दोन.
उजव्या घोड्यावर दोन.
डाव्या घोड्याच्या पोटाला,
नखानं तेल पुसल्यावर,
एक.

दादांची वही काढली.
सत्याहत्तर, फाल्गुन:
काझी, पटवारी, दोन नग.
डावे घोडे बदलले. मजुरी नाही.
एवढंच.
पुढच्या पानावर कोणाच्या तरी
फवारणी पंपाचा वॉशर.

चूक म्हणावी,
तर आकडे बघितल्याशिवाय हा माणूस
चहात साखर घालत नव्हता.
दुसरं काही म्हणावं,
तर तसलं बोलणं त्यांच्या तोंडात कधी आलं नाही.
चुलत्यांना विचारलं.
ते म्हणाले, कंदील नीट धर.
घरात वीज येऊन चाळीस वर्षं झाली.

इतक्या निवडणुका
दोघं आपापली म्हणून
एकमेकांची थोडी थोडी ठाण्यात ठेवत होते,
पावतीवर अंगठा, सही, शिक्का,
आणि निकाल लागला की परत
छातीशी धरून घरी नेत होते.

बसवला तोच घोडा.
डावीकडून उजवीकडं जोडत आले,
शेवटचा स्क्रू उरला नाही.
दोन्ही घोडे अंगठ्यानं चढवून हळूच उतरवले.
उजवा टक्.
डावा जरासा उशिरा,
पाहुण्यासारखा, दाराशी थांबून.

मुजीबनं विचारलं, काय निघालं आत?
म्हटलं, काही नाही, गंज.
तेलाचे चाळीस रुपये घेतले.